बिऱ्हाडाचा पंखा : प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

महेश्वरहून इंदूरला परतताना गुजरी सोडल्यावर घाटात आमच्या घर-गाडीच्या इंजिनाच्या तापमानाचा काटा पुन्हा चढला. दुसरा गिअर, ताशी वीस-बावीस, पुढे सिमेंटच्या गोण्यांनी लादलेला ट्रक आणि ओलांडायला जागा नाही. ९०, ९६, १०२. १०६ ला कॅबिनचा हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची तेवढी उष्णता आमच्या अंगावर. निमाडातली मार्चची दुपार आणि त्यात हीटर! मागच्या पलंगावरून आई म्हणाली, "अरे, घरी नेतोयस की भट्टीत?" १०८ ला गाडी कडेला घेतली. दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद केली. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. एकदा लावला होता, त्याचा डाग मनगटावर आहे. चाळीस मिनिटं पळसाखाली बसलो. पळस फुलला होता, एवढंच काय ते सुख.

मानपूरच्या पुढे सपाटीला लागलो आणि तोच काटा ८६ वर. राऊपर्यंत तिथून हलला नाही.

फेब्रुवारीपासूनची ही तिसरी वेळ. आतापर्यंत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बदलला (८५० रुपये), रेडिएटर उतरवून आतून साफ करून घेतला (२,४०० रुपये), नवं झाकण, नवं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाण्याचं मिश्रण). सगळं अंदाजाने. म्हणून आजपासून ही वही. जे मोजलं तेच लिहायचं.

गाडीबद्दल: २०११ ची डिझेल मिनीबस, २०१८ मध्ये आतून घर करून घेतलेली. दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, मागे बॅटऱ्या. इंजिन पुढे, अर्धं नाकात आणि अर्धं कॅबिनमधे ड्रायव्हरच्या शेजारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणून नाव बिऱ्हाड. तापमानाचा अंशांतला काटा मी वेगळा बसवला आहे. मूळचा काटा चाकरमान्यासारखा आहे, अगदी गळ्याशी येईपर्यंत "सगळं ठीक" म्हणत राहतो.

१० मार्च, सोमवार

बँकेतून सुटल्यावर गाडी नेहमीच्या मेकॅनिकला दाखवली. बॉनेट उघडायच्या आधी निदान झालं. "भिया, हेड गॅस्केट है. लिख के ले लो." खर्च चौदा हजारांपासून पुढे.

मला पटलं नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग, गेलं तर जळलेला वायू पाण्यात घुसतो: कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात, सकाळी गार इंजिनावरसुद्धा होजपाइप टणक लागतात, ऑइल दुधाळ होतं किंवा धुरांड्यातून पांढरी वाफ येते. यातलं एकही नाही. शिवाय गॅस्केट फुटलेली गाडी सपाटीवर तासभर ८६ वर शहाण्यासारखी कशी बसेल?

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा गिरणी बंद पडेपर्यंत तिच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गाडी त्यांना चालवता येत नाही. फिरणाऱ्या वस्तूंशी मात्र जुनी ओळख. त्यांनी आमटी भुरकत विचारलं, "घाटात पंखा ओरडला का?"

मी म्हटलं, पंखा फिरतोय, मी पाहिलाय.

"फिरतो ते दिसतं रे. ओरडला का, ते विचारतोय."

मग आठवलं. पूर्वी सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की मिनिटभर पुढून विमानासारखा आवाज यायचा आणि मग आपोआप बसायचा. दिवाळीनंतर तो आवाज आलेला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, सर्व्हिसिंग छान झालं.

११ मार्च, मंगळवार

आज अर्धी रजा. शेजारच्या लेथवाल्याकडून लेझरचं आरपीएम मीटर आणलं. पंख्याच्या एका पात्यावर चमकती पट्टी चिकटवली, पाण्याच्या पंपाच्या पुलीवर दुसरी. दोघं एकाच शाफ्टवर असतात, फक्त मध्ये फॅन क्लच, म्हणजे पंख्याला गरजेपुरतीच पकड देणारा जोड. त्यामुळे पुली किती फिरते आणि पंखा किती फिरतो, यातला फरक म्हणजे क्लचची सुट्टी.

पंखा चालू असताना पात्यांच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावलं. प्लास्टिकचं पातं तुटून उडालं तर ते रेषेतच येतं. आईला पदरासकट आत पाठवलं.

गार इंजिन सुरू केल्याबरोबर: पुली ९००, पंखा २३०. निरोगी क्लच या क्षणी जवळजवळ पुलीबरोबर फिरायला हवा. तोच तो सकाळचा आवाज.

मग रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला आणि इंजिन २,००० वर धरून तापू दिलं. काटा ९८ वर. रेडिएटरमागून येणारी हवा चटका देत होती. पुली २,२००, पंखा ७१०. पुठ्ठा काढल्यावर काटा सावकाश उतरला, पंख्याने मात्र आपली चाल बदलली नाही.

तिसरी तपासणी बाबांनी केली. इंजिन बंद, किल्ली खिशात (माझ्या नाही, त्यांच्या), सगळं गरम असतानाच पातं बोटाने ढकललं. पंखा चार फेऱ्या घेऊन थांबला. गरम असताना तो मधात बुडाल्यासारखा जड लागायला हवा. मग त्यांनी पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवलं: सात-आठ मिलिमीटर खेळ. क्लचच्या तोंडावर मधोमध धूळ जाड, ओलसर आणि चिकट. बाकी इंजिनावरची धूळ कोरडी.

"तेल प्यायलंय," बाबा म्हणाले. प्यायलं नव्हतं, ओकलं होतं. पण मुद्दा तोच.

आता हे यंत्र नेमकं काय करतं ते लिहून ठेवतो, कारण मेकॅनिकला समजावताना माझी दोनदा तारांबळ झाली.

क्लचच्या आत खाचांची एक चकती असते, ती पंपाच्या शाफ्टला जोडलेली. तिच्याभोवती अॅल्युमिनियमचं घर, त्यालाही तशाच खाचा, आणि पंखा या घराला बोल्टांनी बसवलेला. दोघांच्या खाचा एकमेकींत शिरतात, पण चिकटत नाहीत. मध्ये केसभर फट. त्या फटीत दाट सिलिकॉन तेल आलं की चकती घराला ओढते. साखरेच्या घट्ट पाकात झारा जोरात फिरवला की पातेलंही फिरू लागतं, तसं. तेल फटीतून निघून पुढच्या कप्प्यात गेलं की पकड सुटते आणि पंखा नुसता रेंगाळतो. तेल कुठे राहील हे ठरवते तोंडावरची गुंडाळलेली पट्टी. दोन धातूंच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या. तापल्यावर दोघी सारख्या पसरत नाहीत, म्हणून गुंडाळी पिळते आणि आतली झडप उघडते. पट्टीला इंजिनाचं तापमान कळत नाही. तिला फक्त रेडिएटरमधून आलेली हवा कळते. ती साधारण ७० अंशांच्या आसपास गेली (गाडीगणिक आकडा बदलतो) की झडप उघडते. ना वायर, ना सेन्सर, ना फ्यूज.

रात्रभर गाडी उभी असली की तेल परत फटीत झिरपतं. म्हणून सकाळी पंखा मिनिटभर ओरडतो, मग फिरण्याच्या जोराने तेल बाहेर फेकलं जातं आणि तो शांत होतो. आमच्या क्लचमध्ये झिरपायला तेलच उरलेलं नाही.

आणि सपाटीवर गाडी का तापत नाही, तेही यातच आलं. ताशी साठला समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. घाटात वीसच्या चालीला वारा नाही, वर इंजिनावर पूर्ण ओझं. पंख्याची खरी गरज नेमकी तिथे.

१३ मार्च, गुरुवार

होळीच्या आदल्या गर्दीत छोटी ग्वालटोली, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. चार दुकानं. पहिल्याकडे नाही. दुसऱ्याकडे "फिट बैठ जाएगा" असा एक. खोली मोजली तर आठ मिलिमीटर जास्त, म्हणजे पाती रेडिएटरला घासणार. तिसऱ्याने क्लचच नको म्हणून सरळ लोखंडी हब काढून दिला: पंखा कायमचा पुलीला जोडा आणि विसरा. चौथ्याने मुंबईहून मागवतो म्हणाला, ५,२०० रुपये, आठ दिवस. अर्धे आगाऊ दिले.

संध्याकाळी मेकॅनिकचा फोन. हेड गॅस्केट त्याने एव्हाना मनातून काढलं होतं. "तो भिया, पुराने को ही दो टाँके मार देता हूँ. दो सौ रुपये." म्हणजे वेल्डिंग करून चकती आणि घर एक करायचं. तिसऱ्या दुकानाच्या हबसारखंच, स्वस्तात.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग तिप्पट तर ताकद सत्तावीसपट. आज ७१० ला रेंगाळणारा पंखा कायम २,२०० ने फिरवायचा म्हणजे थंडीत, सपाटीवर, जिथे त्याची गरजही नाही तिथेही ते डिझेल जाळत राहायचं. इंजिन तीन हजारांवर गेलं की प्लास्टिकच्या पात्यांचं काय, आणि सगळा झटका झेलणाऱ्या पंपाच्या बेअरिंगचं काय, हे वेगळंच. ट्रकवाले घाटात अडकले की असं करतात, ते मी समजू शकतो. रस्त्यात अडकल्यावर मीही केलं असतं. दारात गाडी उभी असताना नाही.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड, आज हातांवर अजून गुलाबी. जुना क्लच उतरवायचा दिवस.

साधी मिनीबस असती तर तासाचं काम. घर-गाडीत आधी घर उतरवावं लागतं. इंजिनाच्या कव्हरवर बांधणाऱ्याने प्लायवूडची बैठक ठोकली आहे, चौदा स्क्रू, त्यातले दोन गालिच्याखाली. त्याखाली बॅटरीची जाड केबल पंख्याभोवतीच्या प्लास्टिक कड्यालाच बांधलेली. ज्याने बांधली त्याला वाटलं असेल, हे कडं कधी कोण उतरवणार. केबल सोडवताना मागच्या बॅटरीचा मुख्य स्विच आधी बंद केला. पुढच्या जाळीवर हौसेने लावलेली पितळी नावाची पाटी आणि दोन जादा दिवे होते, तेही काढले. तेवढ्या जागेतून वारा आत येतो, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पाटी माझीच हौस.

रेडिएटरच्या पाकळ्यांना जखम होऊ नये म्हणून पुठ्ठा सरकवला. वरचं अर्धं कडं निघालं. आता मोठा नट, ३६ चा. पाना सियागंजमधून आणला होता. पुली फिरू नये म्हणून लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून ती पुलीच्या बोल्टांवर अडकवली.

अर्धा तास जोर लावला. पान्यावर पाइप चढवला. नट हलला नाही, पट्टी मात्र वाकली. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "समोरून बघताना इंजिन कुठल्या बाजूला फिरतं?"

घड्याळाच्या दिशेने.

"मग शाफ्ट पुढे पळतो, पंखा मागे रेंगाळतो. म्हणजे शाफ्टच्या हिशेबाने नट रोज उलटा फिरतोय. सरळ आटे असते तर पंखा महिन्याभरात सुटून जाळीत गेला असता. बनवणारा एवढा वेडा आहे का?"

उलटे आटे. आमच्या इंदुरी मराठीत उलटी चूडी. मी अर्धा तास नट सोडत नव्हतो, आवळत होतो. सरळ आट्यांचा नट ज्या बाजूला आवळला जातो त्या बाजूला पाना लावला, त्यावर हातोडीची एक खणखणीत थाप मारली, आणि नट सुटला. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पंखा आणि क्लच एकत्रच वर काढावे लागतात, वेगवेगळे निघत नाहीत. पाण्याचं काहीच उघडावं लागलं नाही. पंपाचा शाफ्ट हलवून पाहिला: घट्ट, आवाज नाही, गळती नाही. हे महत्त्वाचं, कारण डुगडुगणारा पंखा बरेचदा पंपाचं बेअरिंगही खातो. आमचं वाचलं.

१६ मार्च, रविवार

जुना क्लच टेबलावर. मागच्या बेअरिंगच्या सीलमधून तेल निघालेलं स्पष्ट दिसतं. सिलिकॉन तेल मिळतं आणि भरताही येतं, असं करणारे आहेत. पण बेअरिंगच गेलेलं. तेल भरलं तरी त्याच वाटेने येणार. नाद सोडला.

रेडिएटर आतून साफ केला होता, बाहेरून नाही, हे आज लक्षात आलं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कापूस, किडे आणि गव्हाच्या भुशाची चांगली गादी तयार झाली होती. इंजिनाच्या बाजूने पुढे असा हलका पाण्याचा फवारा मारला. दाबाचा पंप मुद्दाम वापरला नाही, पाकळ्या आडव्या होतात. अंगणात एवढा कचरा निघाला की आईने खराटा आणून माझ्या हातात दिला.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक), बाजार बंद. काम शून्य.

२१ मार्च, शुक्रवार

पार्सल आलं. खोक्यावर बाण वर, खोकं आडवं. दुकानातल्या पोराने सांगितलं, कालपासून असंच पडलंय. फॅन क्लच नेहमी गाडीत बसतो तसा उभा ठेवायचा असतो. आडवा ठेवला तर तेल नको त्या कप्प्यात किंवा बेअरिंगमध्ये उतरतं. तिथेच उघडून सील बोटाने पुसून पाहिलं, कोरडं. घरी आणून दोन पुस्तकांच्या मध्ये उभा केला. आज रात्रभर तसाच.

२२ मार्च, शनिवार

बसवण्याआधी जुना-नवा शेजारी ठेवून मोजले. बाहेरचा व्यास, खोली, चार बोल्टांचं अंतर, आट्यांची दिशा. सगळं जुळलं. पंखा नव्या क्लचवर चढवताना उलटा बसणार होता. दोन्ही बाजूंनी बोल्ट जातात, आणि उलटा बसवलेला पंखाही हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त वाईट फेकतो. पाती पाहून ते चटकन कळत नाही. उतरवताना पुढच्या बाजूला खडूने फुली केली होती, तिने वाचवलं. ही युक्ती माझी, बाबांची नाही, याची नोंद व्हावी.

नट हाताने चार फेऱ्या उलटा चढवला, पाना नंतर. तिरपा चढला असता तर आट्यांचं वाटोळं. शाफ्ट फिरताना तो स्वतःच आवळला जातो, म्हणून पाइप लावला नाही. कडं परत बसवलं: पात्यांची रुंदी अर्धी कड्याच्या आत, अर्धी बाहेर, आणि भोवती सगळीकडून बोटभर जागा. कडं आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत स्पंजाची पट्टी चिकटवली, म्हणजे पंखा हवा रेडिएटरमधूनच ओढेल, बाजूने नाही. बॅटरीची केबल चेसिसला बांधली. पाटी परत लावली नाही.

साडेपाचला सुरू केलं. पुढून तो जुना आवाज! शेजारचा कुत्रा उठून पळाला. पुली ९००, पंखा ८१०. पन्नास सेकंदांनी आवाज बसत गेला, पंखा २६० वर.

२४ मार्च, सोमवार

सकाळी बँकेत जाण्याआधी पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा. इंजिन २,०००, पुली २,२००. काटा ९५ वर गेला तोवर पंखा ६८०. मग चार-पाच सेकंदांत चढत १,९३०. पुठ्ठा काढला, दोन मिनिटांत काटा ८७, पंखा परत खाली. बाबांनी आकडे माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले.

मेकॅनिकला आकडे दाखवले. बराच वेळ पाहून म्हणाला, "ये मीटर कितने का आता है?"

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पहाटे गुढी उभारून सातला निघालो. घाट उतरताना पंख्याची परीक्षा होत नाही, ती चढताना. म्हणून महेश्वरला नर्मदेच्या घाटावर तासभर बसून, जेवून, दीडला परत. सूर्यास्ताआधी गुढी उतरवायला घरी पोचायचं होतं. चार माणसं, ऊन कडक. मुद्दाम धामनोदला पाणी भरून वजन वाढवलं.

गुजरीनंतर चढ. नशिबाने पुन्हा एक ट्रक, पुन्हा दुसरा गिअर. ८८. ९२. ९४. बाबा शेजारच्या सीटवर डोळे मिटून, मला वाटलं झोपले. ९५ ला बैठकीखालून तो आवाज उठला, घुमत वर चढला आणि कॅबिनभर पसरला. काटा ९६ वर थबकला, मग ९४, ९३. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "ओरडला."

मानपूरपर्यंत तो तीनदा ओरडला, तीनदा गप्प झाला. काटा एकदाही ९७ च्या वर नाही. हीटरला हात लावला नाही.

वर पोचल्यावर आई पुढे आली. आवाजाने तिची दुपारची झोप गेली होती. म्हणाली, "हा कसला घोंगाट रे? परवापर्यंत गाडी किती शांत होती. कुणालातरी नीट दाखवून आण बाई एकदा."